घोडा नसलेले 'हॉर्स'

संस्कृत शास्त्रग्रंथांच्या अभ्यासकास 'सैंधव' या शब्दाचे उदाहरण फार लवकर भेटते. सैंधव म्हणजे सिंधू देशात होणारे; आणि तो देश दोन गोष्टींसाठी नावाजलेला, मीठ आणि घोडा. धनी पानावर बसला असता 'सैंधव आण' म्हणाला, तर सेवकाने मीठ आणावयाचे. तोच धनी प्रवासाची वस्त्रे लेवून अंगणात उभा असता हेच शब्द बोलला, तर घोडा आणावयाचा. पानापुढे घोडा आणून उभा करणारा सेवक मूर्ख ठरतो. कारण शब्द त्याच्या कानी पडला, प्रसंग मात्र त्याला उमगला नाही. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ प्रसंगच ठरवितो, हे सांगण्यासाठी शास्त्रकारांनी हा दाखला पिढ्यानपिढ्या वापरला.

इंग्रजीतील 'हॉर्स' या शब्दाची मराठी मुलखात अशीच गत झाली आहे, आणि ती पाहावयाची तर अहमदनगरसारखे दुसरे ठिकाण नाही. २०२४ पासून या शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण बोलण्यात ते पूर्वीही 'नगर' होते आणि आजही 'नगर'च आहे. भिंगारच्या छावणीत कोणी 'हॉर्स' म्हटले की तो रणगाड्यांच्या पलटणीविषयी बोलत असतो. शेतीपंपांच्या दुकानात शेतकरी 'पाच हॉर्सची मोटार दाखवा' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पाच घोडे नसतात, विहिरीची खोली असते. निवडणुकीच्या हंगामात शहरातील कट्ट्याकट्ट्यावर घोड्यांच्या बाजाराची चर्चा चालते, आणि तेथेही चार पायांच्या जनावराचा संबंध नसतो. ज्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते आणि जिच्या काठच्या तट्टांनी एके काळी अर्धा हिंदुस्थान तुडविला, त्या जिल्ह्यात 'हॉर्स' या शब्दाचे इतके अर्थ नांदावेत आणि त्यांतल्या एकातही घोडा नसावा, ही गंमत साधी नाही.

प्रथम पलटणींच्या नावांकडे वळू. 'पूना हॉर्स', 'डेक्कन हॉर्स', 'सिंद हॉर्स', 'हडसन्स हॉर्स', 'सेंट्रल इंडिया हॉर्स' ही भारतीय लष्करातील चिलखती दलाच्या पलटणींची नावे आहेत. इंग्रजी व्याकरण शाळेत शिकलेल्या मराठी माणसास यातील एकवचन खटकते. शेकडो घोडेस्वारांच्या तुकडीस 'पुण्याचा घोडा' असे एकवचनी नाव कसे? उत्तर असे की, जुन्या इंग्रजीत पायदळास 'फूट' आणि घोडदळास 'हॉर्स' असे समूहवाचक एकवचनच वापरीत. परंतु हे उत्तर शोधण्यासाठी इंग्रजी कोशापर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. मराठी बखरी उघडल्या तरी पुरे. तेथे सरदार 'दहा हजार घोडा' घेऊन चालून येतो, 'घोडे' घेऊन नव्हे. बखरकारांच्या लेखी 'घोडा' म्हणजे जनावर, त्यावरचा स्वार, स्वाराचा भाला, त्याचा तोबरा आणि खोगीर या सर्वांची मिळून झालेली एक मोजण्याची बाब होती. म्हणजे 'पूना हॉर्स' या नावाचे 'पुण्याचा घोडा' हे भाषांतर विनोदी वाटले, तरी बखरीच्या मराठीत ते अगदी चोख आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वळण घेतले होते. आजची मराठी ते विसरली आणि इंग्रजीने ते पलटणींच्या नावांत जपून ठेवले, इतकेच.

या पलटणीचा जन्म मात्र मराठी माणसास सुखाने आठवावा असा नाही. १३ जून १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावास पुण्याचा तह पत्करावा लागला. घोडदळ आणि पायदळ यांची जी कुमक पेशव्याने इंग्रजांना पुरवावयाची, तिच्याऐवजी तेवढे सैन्य पोसता येईल असा मुलूख त्याने तोडून द्यावा, असे त्यात ठरले. त्या उत्पन्नावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जे घोडदळ उभे राहिले, ते 'पूना ऑक्झिलिअरी हॉर्स', आजच्या पूना हॉर्सचे मूळ. पेशवाईच्या मुलखातून निघालेल्या पैशावर पेशवाई बुडविणारे घोडदळ पोसले गेले. नगरकरांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. याच तहान्वये नगरचा भुईकोट किल्लाही इंग्रजांकडे गेला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने तो लढून घेतला होता. पुढे तो पेशव्याकडे परत आला होता. १८१७ मध्ये तो कायमचा गेला. एका तहाने पलटण जन्मास घातली आणि त्याच तहाने किल्ला नेला. पुढे १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी ज्या भिंतींआड बंदिवान होते, त्या याच किल्ल्याच्या.

घोडदळ उभे करावयाचे तर माणसांबरोबर शब्दही भरती करावे लागतात. इंग्रजांनी ते सरसकट आमच्याकडून उचलले. ज्याचा घोडा व हत्यार स्वतःचे तो शिलेदार. जो सरकारी पागेच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. शिवकालीन लष्कराची रचना सांगताना सभासदाने हा भेद स्पष्ट केला आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी व नाल ठोकणारा एक नालबंद. इंग्रजांनी आपल्या हिंदी रिसाल्यांत हीच 'शिलेदारी' पद्धत चालविली. भरती होणाऱ्याने घोडा आणावा वा घोड्याची रक्कम भरावी, आणि नोकरी सोडताना ती परत न्यावी. 'सिलादार' असे रूप घेऊन हा शब्द त्यांच्या कोशात गेला. 'सोवार', 'रिसालदार', 'दफेदार' हेही गेले. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि मेसोपोटेमियात घोडे मरू लागले, तेव्हा स्वाराने आपला नवा घोडा कोठून आणावा, हा प्रश्न उभा राहिला आणि ही पद्धत मोडली. १९२१ च्या पुनर्रचनेत ती निकालात निघाली.

'स्वार' या शब्दाचा प्रवास तर याहून लांबचा आहे. फारसी 'सवार' हा जुन्या इराणी भाषेतील 'असबार' या शब्दाचा वंशज. 'अस' म्हणजे अश्व, आणि 'बार' म्हणजे वाहिलेला. अश्वाने वाहिलेला तो स्वार. तेव्हा 'अश्व' हा शुद्ध संस्कृत आणि 'स्वार' हा यावनी, असा भेद करून एकास सोवळ्यात आणि दुसऱ्यास ओसरीवर बसविणाऱ्या भाषाशुद्धिवाद्यांनी हे दोघे एकाच घरातले भाऊ आहेत, हे विसरू नये. 'बारगीर' या शब्दाची हकीकत आणखी निराळी आहे. मलिक अंबराने निजामशाही वाचविण्यासाठी मोगलांविरुद्ध जे चपळ मराठी घोडदळ वापरले, त्याच्या युद्धपद्धतीस 'बारगीगिरी' असे नाव पडले. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीस मोगल आणि आदिलशाही फौजांचा त्याने पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर गेल्या आणि हाच शब्द तेथे 'बर्गी' झाला. बंगालमधील आया मुलांना निजविताना बर्गी आल्याची भीती घालीत. एका भाषेत पगारी स्वाराचा हुद्दा असलेला शब्द दुसऱ्या भाषेत बागुलबुवा झाला.

आता घोडा गेला कसा, ते पाहावे. १४ जुलै १९१६ च्या सायंकाळी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर, हाय वुड नावाच्या राईजवळ, डेक्कन हॉर्सचे स्वार एका ब्रिटिश घोडदळ पलटणीबरोबर भाले सरसावून उभ्या पिकांतून चालून गेले. मशीनगनच्या युगात भालाईतांनी केलेल्या अखेरच्या काही चढायांपैकी ती एक. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबर रोजी, त्याच सोमच्या आघाडीवर एक अवजड लोखंडी यंत्र खंदक ओलांडून पुढे सरकले. जगातील रणगाड्याची ती पहिली लढाई. घोड्याचा शेवट आणि त्याच्या वारसाचा जन्म एकाच रणभूमीवर, एकाच उन्हाळ्यात झाला.

या वारसाचे इंग्रजी नाव 'टँक'. शत्रूस सुगावा लागू नये म्हणून कारखान्यात या यंत्रास पाण्याची टाकी म्हणत. तेच नाव चिकटले. मात्र इंग्रजीत हा शब्द आला कोठून? हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय लोकांनी आमच्याकडील 'टांके', 'टाके' हा शब्द ऐकला, त्यास पोर्तुगीज शब्दाची जोड मिळाली आणि त्यातून 'टँक' रूढ झाला, असे अनेक कोशकार मानतात. किल्ल्याकिल्ल्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी मराठी माणसाच्या ओळखीची आहेत. तेव्हा आमचे टाके परदेशी जाऊन चिलखत चढवून आले, आणि त्यावर बसणाऱ्या आमच्याच स्वारांच्या पलटणीस नाव राहिले 'हॉर्स'. शब्दांची अशी उलटापालट कल्पनेने रचावयाची म्हटली, तरी कोणास साधली नसती.

हिंदी घोडदळाने घोडे सोडण्यास आरंभ केला तो १९३८ मध्ये, आणि पहिला मान सिंद हॉर्सकडे गेला. सिंद हॉर्स म्हणजे शब्दशः 'सैंधव'! शास्त्रकारांचा तो जुना घोडा सर्वांत आधी पागेबाहेर पडला. काही वर्षांत सर्वच रिसाले यांत्रिक झाले. स्वातंत्र्य मिळाले, फाळणीत पलटणींची वाटणी झाली, आणि १९४८ मध्ये चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र व शाळा नगरास एकत्र आली. इंग्रजी अमदानीत रणगाड्यांचे शिक्षण देणारी शाळा येथे होतीच. माळरान, कोरडी हवा आणि तोफांच्या सरावास मोकळी जागा, ही त्यामागची कारणे. फेब्रुवारी १९९४ मध्ये येथेच रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. शर्मन, सेंच्युरियन, व्हॅलेंटाइन, चर्चिल, आवडीच्या कारखान्यात बनलेला विजयन्त आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन तेथे झाडांच्या सावलीत उभे आहेत. संग्रहालयाच्या नावात 'कॅव्हलरी' हा शब्द आहे. कॅव्हलरी म्हणजे घोडदळ. शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या एखाद्या मुलाने येथे घोडे कोठे आहेत, असे विचारले तर त्यास हसू नये. त्याने शब्दाचा अर्थ मनापासून लावलेला असतो.

आणि तरीही या नावांत आता जे साठले आहे, ते केवळ इंग्रजांचे राहिलेले नाही. १९६५ मध्ये पूना हॉर्सचे अधिपती लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर सियालकोट आघाडीवर फिलोराच्या रणधुमाळीत जखमी झाले, मागे जाण्यास त्यांनी नकार दिला आणि १६ सप्टेंबर रोजी त्यांस वीरमरण आले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळाले. त्यांच्या पूर्वजांनी शिवछत्रपतींची चाकरी केली आणि तारापूर हे आडनाव इनामी गावावरून आले, अशी घराण्याची परंपरा आहे. १९७१ मध्ये याच पलटणीतील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हा अवघा एकवीस वर्षांचा तरुण बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर रोजी जळत्या रणगाड्यातून लढत राहिला आणि धारातीर्थी पडला. त्यासही परमवीरचक्र मिळाले. १९६५ मध्ये खेमकरण आघाडीवर, असल उत्तरच्या लढाईत पॅटन रणगाड्यांचा धुव्वा उडाला, तेव्हा जुन्या शर्मन रणगाड्यांच्या डेक्कन हॉर्सचे नेतृत्व अरुणकुमार वैद्य यांच्याकडे होते. त्यांना त्या वेळी महावीरचक्र मिळाले, १९७१ मध्ये दुसऱ्यांदा मिळाले. १९८३ मध्ये ते सरसेनापती झाले आणि निवृत्तीनंतर १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले. पेशव्यांच्या पैशावर परक्यांनी उभारलेल्या आणि निजामाच्या मुलखात जन्मलेल्या या दोन पलटणींनी आपल्या नावांचा अर्थ असा बदलून घेतला.

सेंच्युरियन रणगाड्याच्या इंजिनाची शक्ती ६५० 'हॉर्सपॉवर' होती. येथे शब्दाचा तिसरा अर्थ पुढे येतो. पूना हॉर्सच्या एका रणगाड्यात ६५० घोडे कोंडले होते. म्हणजे एका टाक्यात एक अख्खा रिसाला! या मापाचा जनक जेम्स वॉट. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो आपली वाफेची यंत्रे विकीत होता आणि गिऱ्हाईक एकच विचारी: हे यंत्र माझे किती घोडे वाचवील? म्हणून वॉटने हिशेब मांडला की, एक घोडा मिनिटास ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम करतो. साधे घोडे दिवसभर इतके काम करू शकत नाही; वॉटने हात जरा सैल सोडला होता. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाच्या बाजूने चूक करावी, ही चाल जुनीच आहे. पुढे शास्त्रज्ञांनी शक्तीच्या मापास वॉटचेच नाव दिले, आणि ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती असे समीकरण पाठ्यपुस्तकांत आले. ज्याने घोड्यास हटविले, त्याच्या नावाने घोडा मोजला जाऊ लागला.

पाठ्यपुस्तकात 'अश्वशक्ती' असली तरी नगर जिल्ह्याच्या शिवारात ती कोणी उच्चारीत नाही. तेथे 'एचपी' आहे, आणि त्याहून सैल बोलीत नुसते 'हॉर्स'. 'तीन हॉर्स', 'पाच हॉर्स', 'साडेसात हॉर्स'. घोडा अर्धा करता येतो, हे या माणसाने शेतात सिद्ध केले आहे! शब्दाचा हा अर्थ वाटतो तितका निरुपद्रवी नाही. मीटर नसलेल्या पंपाचे वीजबिल मोटारीच्या अश्वशक्तीवर आकारले जाते. म्हणून कागदावर तीन आणि विहिरीवर पाच, असा व्यवहार महाराष्ट्रभर चालत आला आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली, तेव्हा या शब्दाने एक नवीच सरहद्द आखली. साडेसातचा शेतकरी अलीकडे आणि दहाचा पलीकडे. अकोले-संगमनेरच्या बागायतीत पाणी वर असते. पारनेर-कर्जतच्या जिरायतीत विंधनविहीर खोल जाते आणि तितकी मोटार मोठी लागते. ज्याची विहीर खोल, त्याचे घोडे जास्त आणि सवलत कमी, असे हे त्रैराशिक आहे. वॉटच्या गिऱ्हाइकांना हा प्रश्न पडला नव्हता.

याच जिरायती पट्ट्यात एका गरीब धान्याच्या गळ्यात इंग्रजांनी 'हॉर्स' अडकविला. हुलगा किंवा कुळीथ यास इंग्रजीत 'हॉर्सग्राम' म्हणतात, घोड्यांचे चणे. साहेबाने हे धान्य पाहिले ते आपल्या तबेल्यात, म्हणून त्याने तेच नाव दिले. तबेल्यापलीकडच्या झोपडीत हुलग्याचे माडगे शिजत होते आणि शेंगोळे वळले जात होते, हे त्याच्या दृष्टीस पडले नाही. इंग्रजीत 'हॉर्स' हे उपपद पुष्कळदा हलक्या, राकट, खडबडीत वस्तूस लावतात. 'हॉर्सरॅडिश' म्हणजे झणझणीत मुळा, 'हॉर्सलाफ' म्हणजे गडगडाटी हसणे. शेवग्यास त्यांनी 'हॉर्सरॅडिशचे झाड' म्हटले ते त्याच्या मुळाच्या तिखटपणामुळे. मराठीही यात मागे नाही. आपली 'घोडचूक' आणि 'घोडनवरी' त्याच तबेल्यातल्या. येथे घोडा म्हणजे फक्त 'प्रमाणाबाहेर मोठे'. सुताराची घोडी, रंगाऱ्याचा दुहेरी शिडीचा घोडा, तंबोऱ्याच्या तारांखालची घोडी, बंदुकीचा घोडा आणि बुद्धिबळातील अडीच घरांचा घोडा, असा हा परिवार मोठा आहे. इंग्रज सुतारही आपल्या लाकडी तिकाटण्यास 'हॉर्स'च म्हणतो. जे पाठीवर भार घेते ते घोडे, एवढी साधी उपमा दोन्हीकडच्या कारागिरांस सुचली. फरक पडतो तो म्हणींत. फुकट मिळालेल्या वस्तूची पारख करू नये, हे सांगताना इंग्रज घोड्याच्या तोंडात डोकावू नको म्हणतो. मराठी माणूस धर्माच्या गायीचे दात मोजीत नाही. ज्याच्या दारी जे दान येई, त्याचे दात.

राजकारणातील 'घोडेबाजार' हा मात्र सरळ इंग्रजी 'हॉर्सट्रेडिंग'चा तर्जुमा आहे, आणि मराठी वृत्तपत्रांनी तो इतका आपलासा केला की, तो उसना आहे हे कोणास वाटतही नाही. मुळात या शब्दाचा रोख चतुर सौद्यावर होता. घोड्याचे वय लपविणारा, लंगडा घोडा तेज म्हणून गळ्यात मारणारा व्यापारी आणि त्याहून चलाख गिऱ्हाईक यांची ती घासाघीस. इंग्रजीत म्हणूनच हा शब्द देवाणघेवाणीच्या राजकारणासही लावतात. आपल्याकडे तो फक्त आमदारांच्या खरेदीस उरला. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने हा बाजार बंद होईल, अशी आशा होती. कायद्याने किरकोळ विक्रीस बंदी आणि घाऊक विक्रीस मुभा दिली, अशी टीका तेव्हापासून होत आली, ती उगाच नव्हे. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातील विश्वासदर्शक ठरावाविषयी आदेश देताना सर्वोच्च न्यायालयानेही घोडेबाजाराचा धोका नोंदविला. म्हणजे या शब्दास आता न्यायालयीन प्रतिष्ठाही लाभली आहे. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा जो खरा बाजार भरतो, तेथील व्यापाऱ्यांनी या शब्दयोजनेस हरकत घेतली तर ती रास्त ठरेल. तेथे घोडा दिवसाढवळ्या, चार लोकांदेखत विकला जातो, आणि विकला गेल्यावर आपण विकलो गेलो नाही असे तो कोणास सांगत नाही.

या संदर्भात 'शिलेदार' शब्दाची वृत्तपत्रांनी जी दैना केली आहे, तीही पाहावी. 'पक्षाचे शिलेदार', 'साहेबांचे शिलेदार' असे मथळे रोज छापले जातात, आणि अर्थ अभिप्रेत असतो एकनिष्ठ अनुयायी असा. खरा शिलेदार तो, ज्याचा घोडा स्वतःचा. म्हणून तो पटले नाही तर घोडा घेऊन दुसऱ्या सरदाराकडे जाऊ शके. धन्याच्या घोड्यावर बसणारा बारगीरच अधिक बांधलेला. शिवकालीन व्यवस्थेचा कल शिलेदारांपेक्षा पागेतल्या बारगिरांवर भरवसा ठेवण्याकडे होता, तो याच कारणाने. पक्षाच्या तिकिटावर आणि चिन्हावर निवडून येणारा उमेदवार वस्तुतः बारगीर होय. घोटाळा होतो तो बारगीर पागेतला घोडाच घेऊन निघून जातो तेव्हा. २०२३ मध्ये महाराष्ट्रात पक्ष कोणाचा आणि चिन्ह कोणाचे, हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला, तो अखेर घोड्याच्या मालकीचाच वाद होता. तेव्हा 'शिलेदार' हे विशेषण आजच्या पुढाऱ्यांस मथळे लिहिणाऱ्यांनी अजाणता दिले असले, तरी अगदीच चुकीचे दिले असे म्हणवत नाही.

शब्दांच्या मालकीचा असाच एक प्रश्न लष्करापुढेही आला आहे. २०२२ मध्ये सैन्यातील वसाहतकालीन प्रथा आणि नावे यांचा आढावा घेण्याची चर्चा सुरू झाली, आणि पलटणींची इंग्रजी नावेही त्यात ओघाने आली. हडसनसारख्या अधिकाऱ्याचे नाव एखाद्या भारतीय पलटणीने का मिरवावे, हा प्रश्न गैर नाही. १८५७ मध्ये दिल्लीच्या बादशहाच्या मुलांना गोळ्या घालणारा तो हडसन. परंतु 'हॉर्स' या शब्दासही त्याच टोपलीत टाकावयाचे काय? त्याच्या जागी 'अश्वदल' घातल्याने पलटण अधिक देशी होईल, असे मानणाऱ्यांनी दोन गोष्टींचा विचार केलेला नसतो. एक अशी की, त्या पलटणींतील हुद्दे पूर्वीपासूनच आपले आहेत; नाव इंग्रजी, पण आतली रचना शिलेदारीची. दुसरी अशी की, 'अश्वदल' हा शब्द कोणत्याही रणांगणावर गेलेला नाही. बसंतरवर जे लढले ते पूना हॉर्स म्हणून लढले. नाव बदलण्याचा अधिकार राष्ट्रास आहे. नगरानेही आपले नाव नुकतेच बदलले, आणि जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्यास मिळाले, यात पुष्कळांस समाधान आहे. पण शहराचे नाव बदलल्याने त्याचा इतिहास हलत नाही, कारण वेशी आणि बुरूज जागेवर असतात. पलटणीस वेस नसते. तिचा सारा इतिहास तिच्या नावातच मुक्कामास असतो.

घोडदळास नेहमीच भूमी लागे. मराठेशाहीत पागेच्या घोड्यांसाठी कुरणे राखीत. त्या गवतास रयतेने हात लावावयाचा नसे. चिपळूणजवळच्या छावणीस शिवछत्रपतींनी जे प्रसिद्ध पत्र पाठविले, त्यात दाणावैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी मरतील आणि रयतेस उपद्रव होईल, अशी ताकीद आहे. घोडा आणि रयत यांचा विचार एकाच पत्रात, एकाच श्वासात केलेला आहे. नव्या घोड्यांचे कुरण नगरमध्ये खारे कर्जुने गावावरून 'के. के. रेंज' म्हणून ओळखले जाते. रणगाड्यांचा सराव तेथे चालतो. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतील अनेक गावे या कुरणाच्या विस्ताराच्या टांगत्या तलवारीखाली वर्षानुवर्षे जगत आली. मुळा धरण आणि कृषी विद्यापीठ यांसाठी राहुरीच्या टापूने आधीच जमिनी दिलेल्या आहेत. सरावास जागा हवी, हे खरे. पण जमीन जाणार की राहणार, हे वेळेवर आणि एकदाच सांगणे, एवढी अपेक्षा रयतेने जुन्या पागेकडूनही केली असती.

आणि खरा घोडा? लष्करात तो अगदी थोडा उरला आहे. १९५३ मध्ये संस्थानी घोडदळांतून उभी राहिलेली ६१ वी कॅव्हलरी ही घोड्यांसाठी ओळखली जाणारी पलटण. तिच्यात राजपूत आणि कायमखानी यांच्या जोडीने मराठे आहेत. महाराष्ट्रात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख राजा बढे यांच्या गीतात आहे, आणि ते गीत २०२३ पासून राज्यगीत असल्याने शाळाशाळांत म्हटले जाते. ते म्हणणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांनी भीमथडीचे तट्टू पाहिले असेल. खोगीर, रिकीब, तोबरा हे शब्द त्यांच्या कानावरून गेलेले नाहीत. मात्र 'खोगीरभरती', 'घोडदौड' आणि मंत्र्यांचे 'पायउतार' होणे त्यांना वृत्तपत्रातून रोज भेटते. मंत्री कशावरून पायउतार होतो, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

भीमथडीची जात मात्र नामशेष झाली, असे म्हणणे घाईचे ठरले. कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने अलीकडेच तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ही तट्टे जगली ती पागांमुळे किंवा शर्यतींमुळे नव्हे. ती जगविली धनगरांनी. श्रीगोंदे, कर्जत, पारनेरच्या माळांवरून पावसाळा सरल्यावर मेंढरांचे कळप निघतात, तेव्हा त्यांच्या मागोमाग ही बुटकी, काटक जनावरे चालताना दिसतात. पाठीवर घोंगड्या, भांडीकुंडी, कोंबड्यांची डालगी आणि कधी बिऱ्हाडातले एखादे लहान मूल असते. 'बारगीर' या फारसी शब्दाचा मूळचा अर्थ ओझे वाहणारे जनावर असाच आहे.